मांडी घालता येईना, आणि तपासणी झाली कंबरेची

विडी वळायला बसण्याची एक ठरलेली रीत आहे. जमिनीवर मांडी, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवून कापलेली पाने, हाताशी कात्री आणि दोरा. मजुरी हजार विड्यांवर मोजतात, म्हणून एकदा बसले की उठणे कमीच. सूप सपाट राहायचे तर दोन्ही गुडघे जमिनीकडे सारखेच झुकावे लागतात. या प्रकरणातल्या बाईंचे सूप पाच-सहा महिने डावीकडे कलत होते. उजवा गुडघा खाली जाईना, सुपाची उजवी कड वर राही आणि तंबाखू घसरून एका कोपऱ्यात जमे. त्यांनी गुडघ्याखाली चौघडी केलेले लुगडे ठेवून पाहिले, पण ते उलट दिशेचे काम झाले. मग उजवा पाय सरळ पसरून, सूप डाव्या मांडीवर घेऊन त्या विड्या वळू लागल्या. दिवसाला हजारचा आकडा सहाशेवर आला.

या काळात त्यांना तपासणाऱ्या तीन ठिकाणांपैकी एकाही ठिकाणी हे सांगितले गेले नाही आणि विचारलेही गेले नाही. त्यांच्या दृष्टीने ती कामाची अडचण होती, दुखणे नव्हते. निदान मात्र त्या कललेल्या सुपातच होते.

(हे प्रकरण एका व्यक्तीचे नाही. अशा रुग्णांत वारंवार दिसणारा क्रम एका रुग्णात बसवून मांडला आहे. आकडे त्या क्रमाला धरून आहेत.)

दुखणे कुठे आणि बोट कुठे

वय ४४, वजन ६० किलो, राहणे सोलापूरजवळ कुंभारीच्या विडी घरकुलात, घरात तेलुगू. पहिली तक्रार उजव्या गुडघ्याची, दुसरी ‘नडुमु’ची. तेलुगूत नडुमु म्हणजे कंबर. खुब्याला, म्हणजे मांडी जिथे कमरेच्या हाडाला जोडते त्या सांध्याला, तुंटी म्हणतात. कागदावर आले ‘कंबरदुखी, गुडघेदुखी’. मराठीतही फार वेगळे घडत नाही. ‘खुबा’ म्हणताना बहुतेक लोक कमरेच्या बाजूला हाताला लागणाऱ्या हाडावर किंवा कुल्ल्यावर हात ठेवतात. खरा सांधा तिथे नाही. तो जांघेच्या मध्यावर, समोरून पाहिले तर घडीच्या किंचित खाली, बराच खोल असतो. बोटाने दाबून तो सापडत नाही, म्हणून त्याचे दुखणे नेमके दाखवताही येत नाही.

सांध्याच्या आवरणाला ज्या मज्जातंतूंच्या शाखा मिळतात त्यांच्याच शाखा मांडीच्या पुढच्या व आतल्या भागाला आणि गुडघ्याला जातात. मेंदूला निरोप पोचतो, पण पत्ता चुकतो. खुबा बिघडला आणि रुग्ण फक्त गुडघा चोळत बसला, असे नेहमी होते. लहान मुलांत तर हे इतके ठरलेले आहे की मूल गुडघा दुखतो म्हणाले आणि गुडघ्यात काही सापडले नाही, तर खुबा तपासल्याशिवाय त्याला घरी पाठवू नये.

पहिल्या ठिकाणी गुडघ्याचा एक्स-रे झाला. चाळिशीनंतर दिसते तेवढी थोडी झीज होती, त्यावर मलम आणि पट्टा. दोन महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी कंबरेचा एमआरआय. त्यात चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी किंचित बाहेर आलेली. आता अहवालातच लिहून आल्यावर शंका कोण घेणार? दहा दिवस वजन लावून कंबर ताणणे, पट्टा, नसांच्या गोळ्या. पण पाठ अजिबात न दुखणाऱ्या चाळिशीच्या लोकांचे एमआरआय काढले तरी सुमारे निम्म्यांत गादी अशीच फुगलेली दिसते. अहवालातले वाक्य खरे होते, पण त्याचा या दुखण्याशी संबंध नव्हता. आणि कंबरेच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये खुब्याचे सांधे धड येतही नाहीत.

नसेच्या दुखण्याच्या खुणा काय असतात हे तेव्हा ताडून पाहिले असते तरी पुरले असते. दबलेल्या नसेची कळ बहुधा कुल्ल्यातून मांडीच्या मागून गुडघ्याखाली, पोटरी-पावलापर्यंत उतरते. मुंग्या येतात, खोकल्या-शिंकल्याने वाढते. या बाईंची कळ जांघेतून मांडीच्या पुढून गुडघ्यापर्यंत येऊन थांबत होती. मुंग्या नव्हत्या. रिक्षातून उतरताना, उकिडवे बसताना, परकर चढवायला पाय उचलताना ती चमके. पायाच्या नखांना हात पोचत नव्हता. नखे सून कापून देई.

तिसऱ्या ठिकाणी अस्थिरोग तज्ज्ञांनी एवढेच सांगितले, “अक्का, दुखतं ते एका बोटानं दाखवा.” बोटाने दाखवता आले नाही. बाईंनी अंगठा मागे आणि चार बोटे जांघेकडे असा पंजा कमरेच्या बाजूला अडकवला. खुब्याच्या आत दुखणारा माणूस हात असाच धरतो, इंग्रजी ‘सी’सारखा. कागद बाजूला ठेवायला ही खूण पुरेशी होती.

सांधा कसा चालतो

खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचे वरचे टोक म्हणजे गोळा. चेंडूच्या सुमारे दोन-तृतीयांश भागाएवढा, बायकांत साधारण साडेचार सेंटिमीटर व्यासाचा. कमरेच्या हाडातली वाटी तीन हाडे जुळून बनते आणि तिच्या काठाला रबरी कडीसारखी कूर्चेची (मऊ, लवचीक हाडाची) झालर असते. गोळ्याखाली मान असते आणि ती मांडीच्या सरळ हाडाशी साधारण १२५ ते १३० अंशांचा कोन करते. या तिरकेपणामुळे कुल्ल्याच्या बाजूच्या स्नायूंना तरफ मिळते.

ती तरफ किती तोकडी आहे हे आकड्यात पाहावे. ६० किलोची व्यक्ती उजव्या पायावर उभी राहिली की त्या पायाचे वजन सोडून सुमारे ५० किलो उजव्या गोळ्यावर लटकतात. हे वजन गोळ्याच्या मध्यापासून सुमारे १० सेंटिमीटर आतल्या बाजूला असते, आणि त्याला तोलणारे स्नायू बाहेरच्या बाजूला जेमतेम ५ सेंटिमीटरवर ओढतात. तराजूचा दांडा असा निम्मा-दुप्पट असेल तर तोल राखायला स्नायूंना १०० किलोची ओढ द्यावी लागते. गोळ्यावर येतात दोन्ही मिळून १५० किलो. प्रत्येक पावलाला.

आता डाव्या हातात काठी द्या आणि तिच्यावर फक्त ६ किलो भार टाका. काठी उजव्या गोळ्यापासून सुमारे ४० सेंटिमीटर लांब टेकते, म्हणून तेवढ्यानेच स्नायूंची ओढ १०० वरून साधारण ५० किलोवर येते आणि गोळ्यावरचा एकूण भार शंभराच्या आत उतरतो. काठी दुखऱ्या बाजूच्या हातात घेतली तर हा फायदा जवळजवळ सगळा जातो. रस्त्यात काठी घेतलेले लोक पाहिले तर त्यातले काही दुखऱ्याच बाजूला धरून चालताना दिसतील. त्यांना कोणी सांगितलेले नसते.

सांध्याची दुसरी कमजोरी रक्तपुरवठ्याची. प्रौढ माणसात गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या मुख्य वाहिन्या मानेच्या मागच्या-वरच्या बाजूने, हाडाला चिकटून, बारीक होत वर चढतात. गोळ्याच्या टोकाला शेजारून रक्त येण्याची सोय फारशी नाही. शेताच्या शेवटच्या वाफ्याचे होते तसे: पाट कुठेही फुटला तरी पहिला तोच सुकतो.

टेबलावरची पाच मिनिटे

खुब्याची तपासणी लांबलचक नसते. या बाईंची अशी झाली.

आधी चालणे. उजव्या पायावर भार येताच धड उजवीकडे झुके आणि तो पाय झटकन उचलला जाई. मग उजव्या पायावर एकटे उभे राहायला सांगितले, तेव्हा कमरेची डावी बाजू खाली पडली. म्हणजे उजव्या कुल्ल्याचे स्नायू तोल धरत नव्हते. उताणे झोपवून पाय सरळ ठेवून वर उचलला: ७० अंशांपर्यंत गेला, पोटरीत कळ नाही. गुडघा सर्व बाजूंनी ठीक.

आता कळीची चाचणी. रुग्ण उताणा, खुबा आणि गुडघा दोन्ही ९० अंशांत वाकवलेले. गुडघा जागेवर ठेवून पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला न्यायचे. पाऊल बाहेर जाते तेव्हा मांडीचा गोळा वाटीत आतल्या बाजूला फिरतो. ही फिरक साधारण ३० ते ४० अंश असावी आणि खुब्याच्या जवळजवळ प्रत्येक आजारात ती सर्वांत आधी हरवते. डावीकडे पाऊल २५ अंश गेले. उजवीकडे पाच अंशांतच बाईंनी टेबलाची कड धरली. मांडी पडद्यासारखी बाहेर उघडणेही उजवीकडे १५ अंशांवर अडले, आणि सुपाचे कोडे तिथेच सुटले. मांडी घालायला खुबा वाकावा लागतो, उघडावा लागतो आणि बाहेर फिरावा लागतो. तिन्ही हालचाली कमी झाल्या होत्या. उजवा पाय सुमारे १ सेंटिमीटर आखूडही भरला.

डावीकडचे २५ अंशही पूर्ण नव्हते. तपासणाऱ्याने ते कागदावर लिहून ठेवले आणि पुढे त्याचाच उपयोग झाला.

कोणकोणते आजार समोर होते

जांघ दुखते, फिरक गेली आहे, वय ४४. इथून निदानाची यादी सुरू होते आणि तिच्यात क्रम लावणे हेच खरे काम.

खुब्याचा क्षयरोग आपल्याकडे कधीच यादीबाहेर ठेवू नये. संध्याकाळचा बारीक ताप, घटलेले वजन, भूक नाही, झोपेत स्नायू सैल पडताच कळ येऊन दचकून जाग येणे, अशी त्याची चाल. एक्स-रेत हाड पुसट दिसते आणि सांध्याची फट दोन्हीकडून कुरतडली जाते. इथे ताप नव्हता आणि वजन उलट वाढले होते. रक्तातला दाह मोजणाऱ्या तपासण्यांत ईएसआर २२, सीआरपी सामान्य. तरी एमआरआय होईपर्यंत ही शंका पुसली नाही, आणि तेच योग्य.

साध्या झिजेचा खुबा आपल्याकडे गुडघ्याच्या मानाने कमी दिसतो. तो साठीकडे बळावतो, आणि लवकर झाला तर जन्मतः उथळ वाटी, जुनी दुखापत किंवा लहानपणीचा आजार असे काहीतरी मागे असते. तरुण पुरुषाला सकाळी अर्धा-पाऊण तास पाठ-खुबे आखडतात आणि हालचालीने सैल होतात, असे असेल तर मणक्यांचा संधिवात शोधावा.

बाहेरच्या बाजूचे दुखणे वेगळे. मांडीच्या हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो तिथे स्नायूंचे दोर चिकटतात. चाळिशी-पन्नाशीच्या बायकांत ते दोर दुखावतात, त्या कुशीवर झोपता येत नाही, बोट ठेवले की नेमके तिथेच दुखते. पण पाय आत-बाहेर फिरवला तर सांधा मोकळा असतो. याला ‘खुबा गेला’ म्हणून घाबरवले जाते, तसे काही नसते. पाय ताणण्याचे व्यायाम उलट त्रास वाढवतात. बाजूच्या स्नायूंना हळूहळू ताकद देणे, पायावर पाय टाकून न बसणे आणि झोपताना गुडघ्यांत उशी यांनी बहुतेकांचे भागते.

मांडीच्या बाहेरच्या बाजूची आग आणि बधिरपणा असेल तर परकराची नाडी सैल करून आठवडाभर पाहावे. कमरेच्या हाडाशेजारून जाणारी त्वचेची एक नस तिथे करकचली जाते. हसण्यावारी नेण्यासारखे वाटते, पण यासाठीही एमआरआय काढले जातात. आणि म्हातारे माणूस न्हाणीघरात पडले, पाय आखूड होऊन बाहेरच्या बाजूला लोळला असेल, तर मान मोडली असे धरून चालावे. तिथे मालीश नाही, वाट पाहणे नाही. शस्त्रक्रिया एक-दोन दिवसांत झालेली बरी.

उरला तो आजार ज्याला डॉक्टर एव्हीएन म्हणतात: गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून आतले हाड मरणे. कारणे ठरलेली आहेत. मानेचे हाड मोडणे किंवा सांधा निखळणे, स्टेरॉइड, दारू, सिकल सेल (लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकण्याचा आजार), ल्युपससारखे शरीराने स्वतःवरच उलटण्याचे आजार. आणि काहींत कारण सापडतच नाही. बाई दारू पीत नव्हत्या. सिकल सेलची चाचणी निर्दोष. पडल्या नव्हत्या. स्टेरॉइड? “तसलं काही नाही घेत.”

कागदाची पुडी

औषध घेता का, या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर खोटे नसते. चिठ्ठीवर लिहिलेले ते औषध. पुडीतल्या सुट्या गोळ्या म्हणजे ‘अंगदुखीचं’. म्हणून प्रश्न बदलावा लागतो: दुखल्यावर काय घेता, कुठून आणता, उद्या येताना घेऊन या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या पुडीतून तीन प्रकारच्या गोळ्या आल्या आणि सुदैवाने त्यातल्या एकीची पट्टी घरी शिल्लक होती. डेक्सामेथासोन, ०.५ मिलिग्रॅम. म्हणजे स्टेरॉइडच. सोबत डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक आणि पित्ताची गोळी.

बसून बसून पाठ आणि बोटे दुखतात म्हणून दोन वर्षांपूर्वी ही पुडी सुरू झाली होती, म्हणजे खुबा दुखायच्या कितीतरी आधी. सकाळी दोन, रात्री दोन, असे सुमारे आठ महिने रोज. नंतर लागतील तशा. गुण जबरदस्त आला. विड्या हजारावर गेल्या. चेहरा भरला, शेजारणी म्हणाल्या तब्येत सुधारली. वजन ५४ चे ६० झाले.

हिशेब करून पाहू. ०.७५ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे प्रेडनिसोलोन या दुसऱ्या स्टेरॉइडच्या ५ मिलिग्रॅमच्या तोडीचे. रोजच्या चार गोळ्या म्हणजे २ मिलिग्रॅम, म्हणजे प्रेडनिसोलोनचे सुमारे १३ मिलिग्रॅम. २४० दिवसांचे झाले ३.२ ग्रॅम. एकूण मात्रा २ ग्रॅमच्या पुढे गेली की खुब्यातल्या गोळ्याला धोका ठळक होतो, असे साधारण मानले जाते. इवलीशी, अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी म्हणून ती निरुपद्रवी वाटते. खरी ताकद मिलिग्रॅमच्या आकड्यात दिसत नाही.

स्टेरॉइडने हाडाच्या पोकळीतल्या चरबीच्या पेशी फुगतात, बारीक वाहिन्यांत चरबीचे कण आणि गुठळ्या अडकतात, आणि हाड ही बंद पेटी असल्याने आतला दाब वाढून उरलेला प्रवाहही रोखला जातो. हाड मरते तेव्हा फारसे दुखत नाही. दुखते ते शरीर दुरुस्तीला लागते तेव्हा: मेलेले हाड काढून टाकण्याचा वेग नवे घालण्याच्या वेगापेक्षा जास्त पडतो, आधार पोकळ होतो आणि कूर्चेखालचा थर चिरतो. भाकरी फुगून वरचा पापुद्रा सुटतो ना, तसा तो थर सुटतो. एक्स-रेत त्याची चंद्रकोरीसारखी काळी रेघ दिसते. पापुद्रा दाबला की फुटतो. वरून दर पावलाला १५० किलो येत असतात.

पुडीची दुसरी गोष्ट अधिक तातडीची होती. मागे एकदा त्यांनी गोळ्या स्वतःच बंद केल्या, तर चौथ्या दिवशी गरगरणे, उलट्या, अंगात त्राण नाही. गोळी घेतली आणि तासाभरात उभ्या राहिल्या. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचे बनवणे थांबवतात. सकाळी ८ वाजता रक्तातले कॉर्टिसोल, म्हणजे या ग्रंथींनी बनवलेले स्वतःचे स्टेरॉइड, ४ मायक्रोग्रॅम आले, कमी. म्हणून ‘आजपासून बंद’ हा सल्ला इथे जीवघेणा ठरू शकला असता. फिजिशियनने मोजक्या प्रेडनिसोलोनवर आणून दर काही आठवड्यांनी २.५ मिलिग्रॅम अशी मात्रा उतरवली आणि भुलीच्या दिवशी हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचे संरक्षण द्यावे असे फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिले.

दोन खुबे

एक्स-रे मागवताना ‘उजवा खुबा’ असे न लिहिता दोन्ही खुबे एका फिल्मवर आणि सोबत बेडकासारखे पाय उघडून दुसरी, अशा दोन मागवाव्यात. चंद्रकोर बहुधा दुसऱ्या फिल्ममध्ये सापडते. इथे उजवा गोळा वरून-बाहेरून सुमारे ३ मिलिमीटर चपटला होता आणि चंद्रकोर स्पष्ट होती. डावा साधा दिसला. पण डावीकडचे ते २५ अंश कागदावर होते आणि स्टेरॉइडचा आजार निम्म्याहून अधिक रुग्णांत दोन्ही बाजूंना असतो. दोन्ही खुब्यांचा एमआरआय झाला. डाव्या गोळ्याच्या पुढच्या-वरच्या भागात, गोळ्याचा सुमारे एक चतुर्थांश, मेलेल्या हाडाची सीमा दुहेरी रेघेने आखलेली मिळाली. गोळा अजून गोल होता. एकदाही न दुखलेला खुबा.

उजवीकडे खुबा बदलणे हाच मार्ग उरला होता. चपटलेल्या गोळ्यात भोके पाडून तो पुन्हा गोल होत नाही. तरी अशा अवस्थेत ‘आधी छोटे ऑपरेशन करून पाहू’ असे पुष्कळदा केले जाते. पैसा आणि सहा महिने जातात आणि शेवटी खुबा बदलावाच लागतो. उलट डावीकडे वेळ मोलाचा होता. मानेच्या बाजूने ८ ते १० मिलिमीटरचा बोगदा मेलेल्या भागापर्यंत खणून आतला दाब कमी करणे याचा उपयोग गोळा कोसळण्याआधीच. मेलेला भाग लहान असेल तर यश बरे. मोठा असेल तर न सांगितलेलेच बरे असे नाही, सांगावेच. बाईंना स्पष्ट सांगितले गेले की डावा वाचेल याची हमी नाही.

दोन्ही एकाच भुलीत केले. कारण व्यवहाराचे होते: बोगदा खणलेल्या पायावर सहा आठवडे अर्धाच भार टाकायचा, आणि दुसरा पाय कोसळलेला असेल तर उभे राहायचे कशावर? उजवा बदलला की त्यावर दुसऱ्या दिवसापासून पूर्ण भार चालतो.

तयारीला सहा आठवडे लागले. हिमोग्लोबिन १०.२ होते, लोह सुरू केले. ड जीवनसत्त्व १४. आठवड्याला ६०,००० युनिट, आठ आठवडे. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६.६, आहारावर भागले. एक किडलेली दाढ काढली. तोंडातला जंतू रक्तातून नव्या सांध्यावर जाऊन बसू शकतो. मिश्री बंद करायला मात्र सर्वांत वेळ लागला. ती तंबाखूच आहे, निकोटीन जखम भरू देत नाही, हे पटायला दोन भेटी गेल्या. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणते उपचार कुठल्या रुग्णालयात बसतात हे आरोग्यमित्राला रेशन कार्ड आणि आधार दाखवून दाखल होण्याआधी विचारावे. ऑपरेशन झाल्यावर कागद फिरवून फारसे हाती लागत नाही.

वय पाहता सिमेंट न वापरता हाडात घट्ट बसणारा सांधा घेतला. सिरॅमिकचा गोळा, टिकाऊ प्लास्टिकची वाटी. किती टिकेल? मोठ्या नोंदींवरून पाहिले तर बदललेले सुमारे ५८ टक्के खुबे २५ वर्षे टिकतात. चव्वेचाळिसाव्या वर्षी केलेला खुबा आयुष्यात एकदा पुन्हा उघडावा लागेल, ही शक्यता धरूनच सही घेतली गेली.

घरी

रुग्णालयातून चौथ्या दिवशी सुटी. पायांच्या शिरांत गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी ३५ दिवस. दर तासाला २० वेळा घोटे वर-खाली. कुल्ला आवळून ५ सेकंद धरणे, १० वेळा, दिवसातून तीनदा. सहा आठवडे वॉकर: उजव्यावर पूर्ण, डाव्यावर अर्धा भार. अर्धा म्हणजे किती, हे वजनकाट्यावर डावा पाय ठेवून दाखवले. काटा ३० वर आला की थांबायचे. तोंडी सांगून कोणालाच कळत नाही.

सांधा मागच्या बाजूने उघडला होता, म्हणून तो निखळू नये यासाठी तीन महिन्यांचे नियम: खुबा ९० अंशांपेक्षा वाकवायचा नाही, पायावर पाय नाही, पायाची बोटे आतल्या बाजूला वळतील असा पाय फिरवायचा नाही. सोलापुरी घरात याचा अर्थ असा की जमिनीवर पंगत नाही, चुलीशी किंवा खाली ठेवलेल्या गॅसशी बसून भाकरी थापणे नाही, संडासात भोकाची खुर्ची. झोपताना गुडघ्यांत जाड उशी. रिक्षात आधी पाठ करून बसायचे, मग दोन्ही पाय एकदम आत. सातव्या आठवड्यात त्या देवघरापुढे वाकल्या आणि खाट्‌ आवाज आला. एक्स-रेत सांधा जागेवर होता, पण नियम त्या दिवसापासून घरातल्या सगळ्यांना पाठ झाले.

जमिनीवर मांडी घालायला तीन महिन्यांनंतरही परवानगी मिळाली नाही. काही शल्यविशारद मोठा गोळा बसवला असेल तर देतात. हे ज्याने सांधा बसवला त्यालाच विचारावे, शेजारी ज्याचे ऑपरेशन झाले त्याला नाही. मग विडीचे काय? मुलाने जुन्या शिलाई मशीनचा सांगाडा आणून त्यावर फळी ठोकली. खुर्ची अशा उंचीची की गुडघे खुब्यांच्या खाली राहतील. पहिली खुर्ची बुटकी निघाली, तिच्यावर ५ सेंटिमीटरची घट्ट उशी शिवली. सूप फळीवर. दर अर्ध्या तासाला उठून दहा पावले.

सहाव्या महिन्याच्या तपासणीत चाल सरळ होती, काठी सुटली होती, उजव्या खुब्याची फिरक २० अंश. डाव्या गोळ्याचा एक्स-रे गोल, फिरक अजून २५ अंशच. विड्या दिवसाला साडेसातशे. सूप आता कलत नाही, पण फळीवर ते सरकते आणि मांडीसारखा ठाव देत नाही, ही त्यांची तक्रार. त्यावर सुपाखाली सायकलच्या ट्यूबचे दोन तुकडे चिकटवायचे ठरले. डाव्या खुब्याचा पुढचा एक्स-रे बाराव्या महिन्यात, आणि त्याआधी जांघेत एकदा जरी कळ आली तर त्याच आठवड्यात.